विल्यम कुक आणि ऑर्पिंग्टन कोंबडी

ज्या कोंबडीचे नाव आज पृथ्वीच्या पाठीवरील बहुतेक देशांत कोंबड्यांच्या शौकिनांस ठाऊक आहे, ती कोंबडी कोणा राजाने अथवा विद्यापीठाने निर्माण केलेली नाही. एका घोडागाडी हाकणाऱ्या चाकराने ती निर्माण केली. त्या गृहस्थांचे नाव विल्यम कुक. त्यांच्या मरणास आता शंभरांहून अधिक वर्षे लोटली आहेत; तथापि ज्यांच्या अंगणात चार कोंबड्या व एक डालगे आहे, अशा आमच्या वाचकांस हे चरित्र परके वाटणार नाही अशी आमची खात्री आहे.

कुक यांचा जन्म १८४९ साली इंग्लंडातील सेंट निओट्स या गावी झाला. पुढे ते लंडन शहराच्या दक्षिणेस असलेल्या केंट परगण्यात आले आणि तेथे त्यांनी गाडीवानाची नोकरी धरली. गाडीवानाचा अर्धा दिवस तबेल्यात जातो. घोड्यापुढचे सांडलेले दाणे टिपण्यास कोंबड्या येणारच. कुक यांची दृष्टी मात्र मालकाच्या घोड्यांपेक्षा कोंबड्यांवर अधिक बसली. कोणती कोंबडी किती अंडी देते, कोणती मोठी होते, कोणत्या कोंबड्याची पिल्ले जगतात, हे ते वर्षानुवर्षे पाहत राहिले.

तो काळ इंग्लंडात कोंबड्यांच्या वेडाचा होता. १८४० नंतर चीन देशातून प्रचंड आकाराच्या, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्या तिकडे गेल्या आणि लोक चकित झाले. त्यांस कोचीन असे नाव पडले. आपल्या मलबारातील कोचीन बंदराशी त्यांचा काही संबंध नाही, हे जाता जाता सांगतो. प्रदर्शने भरू लागली, बक्षिसे लागली, आणि धनिक लोक एकेका कोंबड्यास बैलजोडीची किंमत देऊ लागले. परंतु मजुराच्या घरात काय होते? प्रदर्शनाची कोंबडी त्यास परवडत नव्हती आणि घरची कोंबडी त्यास पुरत नव्हती. मिनोर्का जातीची कोंबडी अंडी पुष्कळ देई, पण अंगाने हलकी. कोचीन अंगाने भारी, पण सारखी खुडूक बसे. एकाच कोंबडीने वर्षभर अंडी द्यावी आणि शेवटी पातेलेही भरावे, अशी जात कुक यांस हवी होती.

रंगाचाही विचार त्यांनी शौकिनाप्रमाणे नव्हे, तर संसारी माणसाप्रमाणे केला. लंडनच्या आसपास त्या वेळी लक्षावधी चुलींचा दगडी कोळशाचा धूर पसरलेला असे. पांढरी कोंबडी आठ दिवसांत राखाडी दिसू लागे. म्हणून त्यांनी काळा रंग निवडला; काळ्यावर काजळी दिसत नाही.

१८८६ साली त्यांनी आपली नवी काळी कोंबडी जगापुढे आणली आणि तिला आपल्या गावाचे, ऑर्पिंग्टनचे, नाव दिले. ती सिद्ध करण्याची रीत अशी होती. अमेरिकेतील प्लिमथ रॉक ही जात पट्टेदार असते. परंतु तिच्या पिल्लांत अधूनमधून एखादे निव्वळ काळे निघते. लोक अशी पिल्ले निरुपयोगी म्हणून टाकून देत. कुक यांनी याच टाकाऊ काळ्या माद्या घेतल्या व त्यांस मिनोर्का नर लावला. त्यांच्यापासून झालेल्या तलंगा मोठ्या झाल्यावर त्यांस चिनी लँगशान जातीचा नर लावला. लँगशानच्या पायांवर बहुधा पिसे असतात. परंतु कुक यांनी बिनपिसांचे नर शोधून घेतले, कारण चिखलात पिसांचे पाय भरतात. याप्रमाणे मिनोर्काची अंडी, प्लिमथ रॉकचा काटकपणा आणि लँगशानचे अंग व काळी चकाकी, ही तिन्ही एका देहात आली.

संकर करणे सोपे आहे; संकरातून जात स्थिर करणे कठीण. पहिल्या पिढीत पिल्ले एकसारखी दिसतात आणि पाळणाऱ्यास वाटते की काम झाले. दुसऱ्या पिढीत आज्या-पणज्यांचे दडलेले गुण बाहेर पडतात. एकाचे पाय पिसांचे, दुसऱ्याचा तुरा निराळा, तिसऱ्याची कातडी पिवळी. ही पिवळी कातडी विशेष खोडकर असते. पांढऱ्या कातडीच्या मागे ती पिढ्यानपिढ्या लपून राहू शकते, आणि लपलेली पिवळी नर व मादी दोहोंकडून आली म्हणजेच दिसते. इंग्रज गिऱ्हाइकास जेवणाच्या ताटात पांढऱ्या कातडीचीच कोंबडी हवी असे. म्हणून पिवळे निघालेले पिल्लू पैदाशीतून काढावे लागे. (हा पिवळा गुण आपल्या दक्षिण हिंदुस्थानच्या रानांतील राखी रानकोंबड्याकडून पाळीव कोंबडीत आला, असे शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखविले. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज मात्र तांबडा रानकोंबडा होय.) मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० साली जगास पुन्हा कळले, आणि ते प्राण्यांसही लागू पडतात हे बेटसन यांनी १९०२ साली कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच दाखविले. कुक यांस आपले मुख्य काम करताना यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्याजवळ डोळे होते, आणि नको तो पक्षी निर्दयपणे वगळण्याचे धैर्य होते.

येथे थोडे थांबून आपल्या गावाकडे पाहावे असे आम्हास वाटते. शहापुरात काय किंवा भंडाऱ्याच्या कोणत्याही खेड्यात काय, कोंबडा विकावयाचा झाला की कोणता विकला जातो? सर्वांत मोठा, कारण त्याचे पैसे अधिक येतात. पाहुणा आला तर कोणता कापला जातो? तोही मोठाच. कापणीच्या उपासनेत अर्पणासाठी आणून लिलावात जातो तोही तोच. मागे राहतो तो खुरटा, ज्यास कोणी विचारीत नाही. आणि पुढल्या वर्षीच्या सर्व पिल्लांचा बाप तो होतो. अशा रीतीने आपण न कळत दरवर्षी लहान कोंबडी निवडीत आलो आहो. शिवाय तोच नर आपल्या बहिणींवर व लेकींवर चार-चार वर्षे राहतो. आपली गावठी कोंबडी वर्षास पन्नास-साठ अंडी देते, याचा सारा दोष तिच्या जातीचा नाही. तिला चारा अपुरा असतो, आणि मानमोडीच्या साथीत सारे खुराडे रिकामे होते हेही खरे. पण तिच्यासाठी नर कोणी निवडला, हेही विचारले पाहिजे. कुक यांची सारी विद्या या एका गोष्टीत होती की उत्तम नर व उत्तम माद्या ते विकीत नसत, ठेवून घेत.

काळ्या जातीनंतर १८८९ साली त्यांनी पांढरी ऑर्पिंग्टन काढली आणि १८९४ साली बफ, म्हणजे पिकल्या धानाच्या रंगाची. बफसाठी त्यांनी सोनेरी ठिपक्यांचा हँबर्ग नर कोचीन माद्यांस लावला, त्यांच्या तलंगांस गडद डॉर्किंग नर लावला, आणि पुन्हा कोचीनकडे वळले. डॉर्किंगला पायास पाच बोटे असतात. ते पाचवे बोट काढून टाकणे हेही एक काम होते. बफ रंग सांभाळणे फार अवघड. सारे अंग मानेपासून शेपटीपर्यंत एकाच छटेचे असावे लागते. शेपटीत काळे आले, पंखात पांढरे आले, की पक्षी प्रदर्शनातून बाद. उन्हाने रंग फिका पडतो तो निराळाच. काळ्या जातीतही नुसते काळे असून चालत नाही. पिसांवर हिरवट झाक असावी लागते, आणि जांभळी झाक हा दोष मानतात.

या बफ जातीवरून त्यांच्यावर टीका झाली. लिंकनशायर परगण्यात शेतकरी आधीपासूनच तशाच रंगाची कोंबडी पाळीत होते, आणि कुक यांची नवी जात म्हणजे त्यांच्याच कोंबडीस दिलेले नवे नाव होय, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. हा वाद पुरता मिटला नाही. मात्र ऑर्पिंग्टनच्या नावापुढे लिंकनशायरची ती जुनी कोंबडी मागे पडली व पुढे जवळजवळ नाहीशी झाली. एकाच्या कीर्तीखाली अनेक अनामिक शेतकऱ्यांचे श्रम गाडले जातात, आणि या चरित्रात तो दोष झाकणे आम्हास प्रशस्त वाटत नाही.

कुक हे उत्तम व्यापारी होते. नोकरी सोडून त्यांनी ऑर्पिंग्टनजवळ सेंट मेरी क्रे येथे मोठा कोंबडीखाना थाटला. कोंबड्या पाळून पैसा कसा मिळवावा यावर पुस्तक लिहिले, बदकांवरही लिहिले. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाली, तेव्हा त्यांनी ठिपकेदार नवा वाण काढून त्यास जुबिली हे नाव दिले. आपला माल केव्हा बाजारात न्यावा हे त्यांस कळत होते. त्यांच्या कोंबड्या अमेरिकेस गेल्या, न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात गाजल्या, आणि तेथील मंडळाने १९०२ साली बफ व १९०५ साली काळी आणि पांढरी यांस मान्यता दिली. तेथे नराचे वजन सुमारे साडेचार किलो व मादीचे साडेतीन किलो ठरविण्यात आले.

परंतु त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या काळ्या कोंबडीचे रूप पालटले. १८९१ च्या सुमारास जोसेफ पार्टिंग्टन नावाच्या शौकिनाने लंडनच्या प्रदर्शनांत काळ्या ऑर्पिंग्टन म्हणून जे पक्षी मांडले, ते कुक यांच्या पक्ष्यांहून मोठे, ठेंगणे व पिसांनी नुसते फुललेले होते. त्यांत लँगशान व कोचीनचे रक्त अधिक होते, असे जाणकार सांगतात. परीक्षकांस ते आवडले. बक्षिसे तिकडे गेली, आणि बक्षीस जिकडे तिकडे पैदास. पिसे वाढली, गोलाई वाढली, चेंडूसारखी ठेवण आली. अंडी मात्र कमी झाली. सुंदर पक्षी पाळण्यात पाप नाही. तथापि मजुराच्या पातेल्यासाठी जन्मलेली कोंबडी अखेरीस श्रीमंताच्या पिंजऱ्यात जाऊन बसली. पुढे वेड इतके वाढले की अमेरिकेतील एका पैदासकाराने पाच पांढऱ्या ऑर्पिंग्टन पक्ष्यांचे साडेसात हजार डॉलर घेतले, असे त्या वेळच्या पत्रांत छापून आले.

कुक १९०४ साली वारले. वय पंचावन्नाच्या आसपास. त्यांची मुले व जावई यांनी धंदा चालविला आणि आणखी रंग काढले. त्यांत पुढे आलेल्या निळ्या रंगाची गंमत सांगण्यासारखी आहे. निळा नर निळ्या मादीस लावला तर सारी पिल्ले निळी होत नाहीत. सरासरी निम्मी निळी, पाव काळी व पाव मळक्या पांढऱ्यावर ठिपके असलेली निघतात. कितीही पिढ्या निवड करा, हे प्रमाण मोडत नाही. उलट काळा पक्षी व ठिपकेदार पक्षी यांचा जोड लावला तर मात्र सारी पिल्ले निळी.

कुक यांची मूळची कोंबडी वाचली ती इंग्लंडात नव्हे. काळ्या ऑर्पिंग्टन कोंबड्या ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या, आणि तेथील शेतकऱ्यांनी पिसांकडे न पाहता अंड्यांकडे पाहिले. कोणती कोंबडी अंडे घालून घरट्यातून उठली याची रोज नोंद ठेवली, आणि त्या नोंदीवरून माद्या व त्यांचे पुत्र निवडले. अंडी घालण्याच्या स्पर्धेत १९२२-२३ साली अशा सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी घातली. दर कोंबडीस सरासरी ३०९ च्या वर. या वाणास ऑस्ट्रॉलॉर्प हे नाव पडले. ते ऑस्ट्रेलियन व ऑर्पिंग्टन या दोन शब्दांतून तयार झाले आहे.

तीच ऑस्ट्रॉलॉर्प पुढे आपल्या देशात आली. व्हाइट लेगहॉर्न जातीशी तिचा संकर करून ऑस्ट्रा-व्हाइट नावाच्या कोंबड्या येथे काढण्यात आल्या, आणि अंगणात पाळण्यास योग्य अशी काळी ऑस्ट्रॉलॉर्प आजही आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. तिचे अंग काळे, पिसांवर तीच हिरवट झाक, पाय बिनपिसांचे, आणि तुरा एकेरी, ताठ. धानाचा कोंडा व कणी ती आवडीने खाते.