हार्वे कुशिंग

हार्वे विल्यम्स कुशिंग (८ एप्रिल १८६९ – ७ ऑक्टोबर १९३९) हे अमेरिकन शल्यचिकित्सक होते. ते आधुनिक मेंदूशल्यचिकित्सेचे एक प्रवर्तक मानले जातात. शस्त्रक्रियेतील भूल व वेदनानियंत्रण या विषयांतही त्यांचे कार्य मोलाचे आहे.

प्रारंभिक जीवन

कुशिंग यांचा जन्म ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे डॉक्टरांच्या घराण्यात झाला. १८९१ मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेऊन ते हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळी भूल देण्याचे काम बहुधा अननुभवी विद्यार्थ्यांकडे असे. कुशिंग यांनी ईथर दिलेला एक रुग्ण भुलेखालीच दगावला. या आघाताने वैद्यकीय शिक्षण सोडून देण्याचा विचार त्यांच्या मनात आला. मात्र त्यांनी शिक्षण पुढे चालू ठेवले आणि १८९४ च्या सुमारास सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन यांच्यासह भुलेखालील रुग्णाची नाडी व श्वसन नोंदविणारे तक्ते तयार केले. १९०१ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे त्यांनी रिव्हा-रोची यांचे रक्तदाबमापक पाहिले व बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्याचा वापर सुरू केला.

वेदनानियंत्रण

चेहऱ्यात असह्य कळा आणणाऱ्या त्रिशाखी मज्जाशूळावर गॅसेरियन गुच्छिका काढून टाकण्याची सुधारित पद्धत त्यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केली. मज्जातंतूंभोवती कोकेन टोचून शरीराचा ठराविक भाग बधिर करण्याच्या पद्धतीला त्यांनी प्रादेशिक बधिरीकरण हे नाव दिले. काढता न येणाऱ्या मेंदूच्या गाठींमुळे कवटीतील दाब वाढून तीव्र डोकेदुखी होते व दृष्टी जाते. अशा रुग्णांच्या कानशिलाजवळील हाडाचा भाग काढून ते दाब कमी करीत.

डोक्याची त्वचा व मेंदूचे बाह्य आवरण यांना वेदना जाणवतात, प्रत्यक्ष मेंदूला जाणवत नाहीत. १९०९ मध्ये त्यांनी दोन जागृत रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युत् उत्तेजन दिल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. रुग्णांना हातात संवेदना जाणवली, पण वेदना झाली नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये डोक्याच्या जखमांवरील अनेक शस्त्रक्रिया त्यांनी स्थानिक भूल देऊन केल्या.

उत्तरायुष्य

बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात त्यांनी १९३२ पर्यंत काम केले. विल्यम ऑस्लर यांच्या चरित्राबद्दल त्यांना १९२६ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. भूल दिलेल्या रुग्णाची नाडी, श्वसन व रक्तदाब यांची सलग नोंद ठेवणे ही आज सर्वत्र रूढ पद्धत आहे.