परत न आलेल्या विमानांचं गणित मांडणारे अब्राहम वाल्ड

लाल ठिपक्यांनी भरलेल्या विमानाचं चित्र तुमच्याही फीडवर कधीतरी आलं असेल. त्यामागचं डोकं अब्राहम वाल्ड यांचं.

१९०२ साली आजच्या रोमानियातल्या क्लुज शहरात, एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. व्हिएन्नात ते गणितात डॉक्टर झाले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला आणि वाल्ड अमेरिकेला गेले. मागे राहिलेले बहुतेक नातलग नाझींनी मारले.

महायुद्धात त्यांच्यापुढे प्रश्न आला: कुठे गोळी लागली तर विमान पडण्याची शक्यता किती? तपासायला होती फक्त परतलेली विमानं. जिथे भोकं जास्त, तिथला पत्रा जाड करा, असं कुणालाही वाटेल.

वाल्ड यांनी १९४३ मध्ये उलट्या बाजूने हिशेब मांडला. गोळ्या काही जागा बघून लागत नाहीत. मग परतलेल्या विमानांच्या इंजिनावर खुणा कमी का? कारण इंजिनावर मार बसलेली विमानं परतलीच नव्हती.

१९५० मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते व्याख्यानांसाठी इथे आले. १३ डिसेंबरला निलगिरीच्या डोंगरात त्यांचं विमान कोसळलं. वाल्ड आणि त्यांच्या पत्नी, दोघंही त्यात गेले. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं ४८.