ड्रम्सच्या मागची कॅरन

कार्पेंटर्स म्हटलं की ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ आठवतं. कॉन्व्हेंटवाल्यांना तर ते पाठच असतं. पण ते गाणारी मुलगी स्वतःला आधी ड्रमर समजायची, मग गायिका. तिचं नाव कॅरन कार्पेंटर.

जन्म २ मार्च १९५०, अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये. मोठा भाऊ रिचर्ड पियानोत हुशार, त्यामुळे घरच्यांचं सगळं लक्ष त्याच्याकडे. १९६३ साली कुटुंब कॅलिफोर्नियात डाउनी इथे आलं, तेही बरंचसं रिचर्डच्या संगीतासाठी. कॅरन बेसबॉल खेळायची, घरोघर पेपर टाकायची. हायस्कूलमध्ये पीटीचा तास चुकवायला ती बँडमध्ये शिरली (कारण आपल्याला लगेच पटेल!). तिथे तिला धातूच्या पट्ट्या वाजवायला दिल्या. तिची नजर मात्र ड्रम्सवर. मुलींनी ड्रम्स वाजवायचे नसतात, हे तेव्हा तिथेही होतंच. तिने हट्ट सोडला नाही. जून १९६६ मध्ये या भावंडांच्या तिघांच्या ग्रुपने हॉलिवूड बोलमधली बँड स्पर्धा जिंकली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

१९६९ मध्ये ए अँड एम रेकॉर्ड्सने दोघांना घेतलं. पुढच्याच वर्षी ‘क्लोज टू यू’ अमेरिकेत चार आठवडे पहिल्या नंबरवर. त्या गाण्यांत मागे कोरस ऐकू येतो ना, तो कोरस नाहीच. हीच दोघं एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करून थरावर थर चढवायची. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हेडफोन लावून एकदा जरूर ऐकावं.

मला सगळ्यात आवडतो तो १९७३ चा ‘नाऊ अँड देन’ हा अल्बम. तेव्हा रॉक खूप जड झालं होतं, लांबच लांब गिटार सोलो वगैरे. या दोघांनी रेकॉर्डची एक अख्खी बाजू दहा वर्षांपूर्वीच्या गाण्यांना दिली. बीच बॉइज, क्रिस्टल्स, शिफॉन्स अशांची जुनी रॉक अँड रोल आणि पॉप गाणी एकाला एक जोडून! मध्ये त्यांचाच गिटारिस्ट टोनी पेलुसो रेडिओवरचा डीजे बनून बडबड करतो आणि गाडीचं इंजिन गुरगुरतं. सुरुवातीला आणि शेवटी ‘यस्टरडे वन्स मोअर’. समीक्षकांनी त्यांना गुळमुळीत म्हणून नाकं मुरडली, पण लोकांनी रेकॉर्ड उचलल्या. माझं मत लोकांच्या बाजूने. कारण त्या अल्बममधले बहुतेक ड्रम्स कॅरनने स्वतः वाजवलेत आणि ती मजेत आहे हे कळतं. १९७५ च्या सुरुवातीला मार्व्हलेट्सचं १९६१ चं ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ही यांनी पुन्हा पहिल्या नंबरवर नेलं.

स्टेजवर मात्र वेगळंच चाललं होतं. पाच फूट चार इंचांची मुलगी ड्रम्सच्या मागे दिसत नाही, गाणारी पुढे हवी, असं सगळ्यांचं म्हणणं. तिला नको होतं, तरी हळूहळू तिला माइकपुढे उभं केलं. आता सगळं पब्लिक तिच्याकडे बघणार. डाएट तिने सतराव्या वर्षीच एकदा केलं होतं. आता ते थांबेचना. ताटातलं अन्न इकडेतिकडे करायचं, दुसऱ्यांना चव घ्यायला द्यायचं, स्वतः खायचं नाही. १९७५ मध्ये वजन ४१ किलोवर आलं आणि ब्रिटन-जपानचे दौरे रद्द करावे लागले. अॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव तेव्हा सामान्य लोकांना माहीतच नव्हतं. घरचे म्हणत, नीट जेव म्हणजे झालं. मेसमध्ये आपणही एखादीला असंच म्हणून मोकळे होतो.

१९८० मध्ये लग्न झालं, पण ते फार टिकलं नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कला एकटीने केलेला सोलो अल्बम कंपनीने बाजूला ठेवला. तो निघाला १९९६ मध्ये. १९८२ मध्ये ती न्यूयॉर्कलाच उपचारांसाठी राहिली. हॉस्पिटलमध्ये सलाइनवाटे अन्न दिल्यावर वजन वाढलं, पण इतकी वर्षं उपाशी राहिलेलं हृदय थकलं होतं. ४ फेब्रुवारी १९८३ ला डाउनीच्या घरी ती कोसळली. वय फक्त बत्तीस. त्यानंतर पेपरांतून तो आजार घराघरात कळला.

रिचर्डने तिची उरलेली रेकॉर्डिंग्ज जमवून त्याच वर्षी ‘व्हॉइस ऑफ द हार्ट’ काढला. त्यातलं पहिलं गाणं ‘नाऊ’. एप्रिल १९८२ मध्ये, उपचारांतून थोडे दिवस घरी आलेली असताना तिने ते गायलं होतं. आवाजात आजार कुठेच ऐकू येत नाही.