न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर : अधिकार आणि मर्यादा

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी सातारा येथे झाला. संस्कृत विद्येची परंपरा घरातच होती. धारवाडचे कर्नाटक कॉलेज आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे शिक्षण घेऊन १९२६ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस आरंभ केला. नंदपंडिताच्या ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. १९४५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयात त्यांची नियुक्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९६४ रोजी त्यांनी सरन्यायाधीशपद स्वीकारले.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच कसोटीचा प्रसंग आला. उत्तर प्रदेश विधानसभेने हक्कभंगाबद्दल तुरुंगात धाडलेल्या केशव सिंह यांना उच्च न्यायालयाच्या लखनौ येथील दोन न्यायाधीशांनी जामीन दिला. विधानसभेने त्या न्यायाधीशांनाच अटकेत आपल्यासमोर हजर करण्याचा ठराव केला. राष्ट्रपतींनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे सोपवला. असा अर्ज विचारात घेण्याचा उच्च न्यायालयाला अधिकार आहे आणि तो वापरल्याने न्यायाधीश विधानसभेचे अपराधी ठरत नाहीत, असा अभिप्राय गजेंद्रगडकरांनी बहुमताच्या वतीने दिला.

उच्च न्यायालयाचा अधिकार विधिमंडळापासून राखणाऱ्या या न्यायाधीशासमोर पुढे त्याच प्रश्नाची दुसरी बाजू आली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांवर मुंबई उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. आपली साक्ष प्रसिद्ध झाल्यास व्यापाराला धोका पोहोचेल, अशी विनंती एका साक्षीदाराने केली. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती मान्य करून साक्षीच्या प्रसिद्धीस तोंडी आदेशाने मनाई केली. त्याविरुद्धचा अर्ज उच्च न्यायालयाने फेटाळल्यावर साप्ताहिकाचे वार्ताहर नरेश मिरजकर आणि इतर पत्रकार अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात गेले. आविष्कारस्वातंत्र्याचा भंग झाल्याची त्यांची तक्रार होती.

३ मार्च १९६६ रोजी, निवृत्तीला अवघे बारा दिवस उरले असता, नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा निर्णय जाहीर झाला. गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या बहुमताच्या निर्णयानुसार, अधिकार असलेल्या न्यायालयाने समोरच्या वादात दिलेला न्यायिक आदेश मूलभूत हक्काचा भंग ठरत नाही. तो चुकीचा असेल तर अपिलात दुरुस्त व्हावा. उच्च न्यायालय हे कनिष्ठ न्यायाधिकरण नव्हे; म्हणून त्याचा न्यायिक आदेश रिटद्वारे रद्द करता येत नाही. अशा रीतीने देशातील सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्याच अधिकाराला सीमा घातली.

ही सीमा सर्वांना मान्य नव्हती. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवले. न्यायाधीशाच्या आदेशानेही मूलभूत हक्काचा भंग होऊ शकतो आणि सर्वोच्च न्यायालयाला तो तपासता येतो, अशी त्यांची भूमिका होती. मूळ दाव्यात पक्षकार नसलेल्या वार्ताहराला अपिलाचा मार्ग कितपत सुलभ, ही शंकाही साधी नव्हती.

निवृत्तीनंतर गजेंद्रगडकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे विधी आयोगाचे अध्यक्ष झाले. १९७२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी आखलेली सीमा मात्र टिकून राहिली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या अंतिम निकालाविरुद्धही रिट चालत नाही असे ठरवताना मिरजकर खटल्याचाच आधार घेतला. मात्र उघड अन्याय राहून जाऊ नये म्हणून क्युरेटिव्ह याचिकेची अरुंद वाट त्याच निर्णयात मोकळी केली.