प्रोफेसर ऑस्बर्न रेनॉल्ड्स

नळ किंचित् उघडला असतां पाण्याची धार कांचेसारखी निश्चल दिसते; पुरता उघडतांच तीच धार खळबळून उठते. हें आपण नित्य पाहतों; परंतु पाणी आपली शिस्त केव्हां व कां मोडतें, ह्याचा नेटानें शोध करणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स ह्यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजीं बेलफास्ट येथें झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक व शिक्षक असून त्यांस यंत्रांची मोठी आवड होती. ऑस्बर्न ह्यांनीं प्रथम कारखान्यांत उमेदवारी केली, मग केंब्रिज येथें गणिताचें अध्ययन करून १८६७ सालीं पदवी मिळविली. पुढील वर्षीं, अवघ्या पंचविशींत, ते मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजांत इंजिनियरिंगचे प्रोफेसर झाले.

त्या काळीं विद्वानांपुढें एक कोडें होतें. बारीक नळ्यांवर प्रयोग करणारे म्हणत कीं, प्रवाहास होणारा विरोध वेगाच्या प्रमाणांत वाढतो. मोठे नळ तपासणारे म्हणत कीं, तो जवळजवळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते. मग खोटें कोण?

१८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत रेनॉल्ड्स ह्यांनीं कांचेच्या नळींतून वाहणाऱ्या पाण्यांत रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असतां ती सुतासारखी सरळ जाई. वेग वाढवितांच, कांहीं अंतरावर ती एकाएकीं भोंवऱ्यांत विरून जाई. प्रवाहाच्या जाती दोन होत्या. म्हणून दोन्ही पक्ष खरे ठरले! वेग, नळीची रुंदी, पाण्याची घनता व चिकटपणा ह्यांवरून काढलेला एक अंक सुमारें २००० च्या खालीं असला, तर नळींतील खळबळ शमते, असें दिसून आलें.

ह्यांत भिंतीचें अंग मोठें आहे. भिंतीस लागलेलें पाणी स्थिर राहतें, पलीकडील थर धांवतात, व ह्या ओढाताणींतून भोंवऱ्यांस बळ मिळतें. त्या पातळ थराचें महत्त्व जर्मनींतील प्रांट्ल ह्यांनीं १९०४ सालीं उलगडलें. विमानाच्या पंखांचा विचार त्याच आधारें होतो.

रेनॉल्ड्स ह्यांचीं व्याख्यानें विद्यार्थ्यांस कठीण वाटत. तरी इलेक्ट्रॉनचे शोधक जे. जे. टॉमसन हे त्यांचेच शिष्य. २१ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते निवर्तले. खळबळीचें संपूर्ण गणित अद्यापि कोणास साधलेलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, दोन सत्यनिष्ठ माणसांचीं मतें भिडलीं, तर एकास लबाड ठरविण्याची घाई करूं नये. धीरानें रंगाची एक रेघ सोडून पाहावी, हाच ह्या चरित्राचा बोध आम्हांस वाटतो.