व्हाया पॅरिस

परदेशात राहणाऱ्या माणसाने ऐकावा असा एकच पियानोवाला सांग म्हटलं, तर मी फ्रेडरिक शोपाँचं नाव घेईन.

वडील फ्रेंच, आई पोलिश. जन्म १८१० चा, वॉर्साजवळच्या एका खेड्यातला. २ नोव्हेंबर १८३० ला, विसाव्या वर्षी, मैफली करायला म्हणून तो बाहेर पडला. महिन्याच्या आत वॉर्सात रशियाविरुद्ध उठाव झाला. तेव्हा तो व्हिएन्नात होता. बरोबरचा मित्र लढायला परत गेला, हा राहिला. पुढच्या सप्टेंबरात वॉर्सा पडलं.

त्याच्या पासपोर्टवर शेरा होता तो पॅरिसमार्गे लंडनला जाण्याचा. (आपला ट्रान्झिट व्हिसाच म्हणा ना!) वाटेतल्या त्या पॅरिसलाच त्याने बिऱ्हाड केलं. रशियन वकिलातीत नाव नोंदवायला तो गेला नाही, म्हणजे परतीचा रस्ता कागदोपत्रीही बंद. १८३५ मध्ये आई-वडील कार्ल्सबादला येऊन भेटले, ते शेवटचे. १८४४ मध्ये वडील गेले, तेव्हाही हा फ्रान्समध्येच.

घर चाललं शिकवण्यांवर, एका शिकवणीचे २० फ्रँक. गर्दीपुढे वाजवणं त्याला मानवत नसे. उभ्या आयुष्यात जाहीर कार्यक्रम जेमतेम तीसेक.

मनातलं बोलला तो मझुर्कांमधून. मझुर्का म्हणजे पोलंडच्या खेड्यांतला तीन मात्रांचा नाच, जोर बहुधा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मात्रेवर. त्याने पन्नासहून जास्त मझुर्का लिहिल्या, पण नाचण्यासाठी नव्हेत. डावा हात लय सांभाळतो. उजवा काहीतरी आठवत असल्यासारखा रेंगाळतो, मग घाईने गाठतो. तबलजीने ठेका धरावा आणि गाणाऱ्याने त्याच्याशी खेळावं, तसं. ओपस १७ मधली चौथी मी ऑफिसला जाताना गाडीत लावतो. सुरुवातीला आपण कुठल्या स्वरात आहोत ते कळत नाही, आणि शेवटही तसाच अधांतरी सोडलेला. नॉक्टर्न लोकांना जास्त आवडतात. मला मात्र त्यांत दुःख जरा नटूनथटून आल्यासारखं वाटतं.

१८४९ च्या उन्हाळ्यात दुखणं बळावलं, तेव्हा त्याने बहिणीला, लुडविकाला, पत्र लिहून वॉर्साहून बोलावून घेतलं. १७ ऑक्टोबरला तो गेला. वय ३९. देह पॅरिसमध्ये पुरला. हृदय मात्र, त्याच्या इच्छेप्रमाणे, लुडविकाने काचेच्या बरणीत मद्यात ठेवून, रशियन पहाऱ्यातून लपवून वॉर्साला नेलं. तिथल्या होली क्रॉस चर्चच्या एका खांबात ते आहे.