बॅलेचा सूत्रधार

स्वतः नर्तक नसताना बॅलेचा कायापालट घडवणारे सर्गेई द्यागिलेव १८७२ मध्ये रशियात जन्मले. संगीतकार होण्याचे स्वप्न भंगल्यावर इतरांची प्रतिभा हेरणे हेच त्यांचे जीवितकार्य ठरले. १९०९ मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्या ‘बॅले रूस’ने पदार्पण केले. एकाच दीर्घ कथानकाऐवजी एका संध्याकाळी अनेक छोट्या नृत्यरचना, हा पायंडा त्यांनी रुजवला. फोकिन, निजिन्स्की, मासिन, निजिन्स्का आणि बॅलंशिन या नृत्यदिग्दर्शकांना त्यांनी व्यासपीठ दिले. १९१३ मध्ये स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीतावरील निजिन्स्कीच्या रचनेने प्रेक्षागृहात गदारोळ माजला. तरी नावीन्याचा ध्यास सुटला नाही. उलट १९२१ मध्ये लंडनमध्ये जुन्या धाटणीचा दीर्घ बॅले उभारला आणि ते कर्जात बुडाले. १९२९ मध्ये व्हेनिसमध्ये मधुमेहाने त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यसंस्काराचा खर्चही मैत्रिणींनीच केला. संच विखुरला, छोट्या नृत्यरचनांची संध्याकाळ मात्र जगभर टिकली.